उचल कोणाची, परतीचं भाडं कोणाचं

मजुरीसाठी माणसं यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्ह्यातून बाहेर जातात, याचं आज कोणाला नवल वाटत नाही. दीडशे वर्षांपूर्वी मात्र ही वाट उलटी होती. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्याच दशकात मुंबईची रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. रूळ टाकायला माणूस हवा, वेचणीला माणूस हवा, सरकी काढायला, गठाणी बांधायला माणूस हवा. मजुरी चढली आणि आजूबाजूच्या मुलखातली माणसं पोटासाठी वऱ्हाडात उतरू लागली. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण उगाच पडली नाही.

आमच्या गावाला त्या सोन्यातला वाटा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिळाला. किलिक निक्सन कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर छोटी रेल्वे टाकली, तीच पुढे शकुंतला म्हणून ओळखली गेली. दारव्हा-मोतीबाग हे तिचं आमच्याकडचं स्टेशन. गठाणी इथून मूर्तिजापूरला, तिथे मोठ्या गाडीत, मग मुंबई आणि पुढे आगबोट. या गाडीचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये तयार झालेलं, ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत आमच्या शिवारातून धावलं. कापूस मँचेस्टरला गेला, इंजिन मँचेस्टरहून आलं आणि मधला नफा कोणाच्या पेटीत पडला ते सांगायला नको. पण दारव्ह्याचा माणूस स्वतः कुठे गेला नाही. जाण्याची पाळी त्याच्यावर पुढे आली.

मी तहसील कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस. फेरफार, वारसाची नोंद, प्रतिज्ञापत्र, उत्पन्नाचा दाखला हे माझं रोजचं काम. वडीलही हेच करायचे, फक्त त्यांच्याकडे टाक होता आणि माझ्याकडे प्रिंटर आहे. अलीकडे मात्र बोरी, लाडखेड, लोही इकडची पोरं माझ्याकडे वेगळाच कागद घेऊन येतात. एजंटाने मोबाईलवर धाडलेला सौदीचा, कतारचा, ओमानचा करारनामा. प्रश्न ठरलेला, “काका, पगार किती लिहून हाये तेवढं पाहून सांगा ना.” पगार पहिल्याच पानावर ठळक छापलेला असतो. मी तो कागद शेवटच्या पानापासून वाचायला घेतो. ही सवय मला दस्तांनी लावली आणि या विषयाचा इतिहास वाचून ती पक्की झाली.

मराठी माणूस परदेशी मजुरीला गेला त्याची जुनी नोंद मॉरिशसची आहे. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी उठली आणि उसाच्या मळेवाल्यांना हिंदुस्थानातून करारावर माणसं नेण्याची परवानगी मिळाली. मुंबई बंदरातून जी गेली त्यांत कोकणातले आणि देशावरचे मराठी लोक होते. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, शिवाय शिधा. त्या काळी गावात रोख पाच रुपये बघायला न मिळणाऱ्या माणसाला हा आकडा मोठाच होता. पण कराराच्या पोटात एक कलम असे. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची. तापाने अंथरूण धरलं तरी तेच. महिन्यात आठ दिवस आजारी पडलेला माणूस सोळा दिवसांची मजुरी घालवून बसे. हातात काय येई, ते पगाराच्या आकड्यावरून कधीच कळलं नसतं.

या पद्धतीवर कायदेमंडळात पहिला मोठा घाव घातला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. फेब्रुवारी १९१० मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात मजूर धाडणं बंद करण्याचा ठराव आणला आणि सरकारला तो मानावा लागला. मार्च १९१२ मध्ये ही सबंध पद्धतच मोडा असा ठराव आणला, तो मात्र हरला. त्याच वर्षी ते स्वतः दक्षिण आफ्रिकेला जाऊन आले. करार संपल्यावर तिथेच राहू पाहणाऱ्या मजुरावर वर्षाला तीन पौंडांचा कर होता. म्हणजे काम करायला या, मुदत संपली की परत जा, नाहीतर नव्याने करारात शिरा. गोखल्यांच्या हयातीत ही पद्धत पुरती उठली नाही. १९१७ मध्ये नवी भरती थांबली, तोवर ते जाऊन दोन वर्षं झाली होती.

त्यानंतरच्या हकिकतीत आमचा यवतमाळ जिल्हा थेट येतो, पण जिल्ह्यात ती फारशी कोणी सांगत नाही. वणीचे माधव श्रीहरी अणे, म्हणजे आपले लोकनायक बापूजी अणे. पुसदचा १९३० चा जंगल सत्याग्रह म्हटला की इथली शाळकरी पोरंही त्यांचं नाव घेतात. पण हेच बापूजी १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि त्यांच्याकडे खातं आलं ते परदेशात राहणाऱ्या हिंदी लोकांचं. यवतमाळात वकिली केलेल्या माणसाच्या टेबलावर ब्रह्मदेश, मलाया, सिलोन, आफ्रिका इथल्या मजुरांच्या फायली आल्या.

आणि आल्या त्या कोणत्या वेळी! डिसेंबर १९४१ मध्ये रंगूनवर जपानी बॉम्ब पडले, मार्च १९४२ मध्ये शहर पडलं. ब्रह्मदेशात पोटासाठी गेलेली हिंदी माणसं घरदार सोडून निघाली. आगबोटीची जागा नशिबात असलेले थोडे, बाकीचे चालत. आराकानच्या, मणिपूरच्या डोंगरातून चार लाखांहून अधिक माणसं हिंदुस्थानात परतली. वाटेत पटकी आणि हिवतापाने हजारो गेली. गोऱ्यांना एक वाट आणि काळ्यांना दुसरी, अशी तक्रार त्या वेळी देशभर गाजली. ब्रह्मदेशातली मजुरी मद्रासपेक्षा चांगली होती म्हणून ही माणसं गेली होती आणि तो हिशेब खोटा नव्हता. पण परतीची वाट कोण बघणार, हे कोणाच्याच करारात लिहिलेलं नव्हतं.

गांधीजींच्या उपासाच्या प्रश्नावर फेब्रुवारी १९४३ मध्ये बापूजींनी होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्याबरोबर मंडळाचा राजीनामा दिला. त्याच वर्षी ते हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले आणि १९४७ पर्यंत तिथे राहिले. तिथले चहामळे तमिळ मजुरांवर चालत. मजूर आणायचा तो कंगाणी. तो त्याच मजुरांच्या मुलखातला, अनेकदा नात्यागोत्यातला माणूस. तो गावात जाऊन आगाऊ रक्कम द्यायचा, प्रवासखर्च करायचा आणि ते सगळं मजुराच्या नावे कर्ज म्हणून चढायचं. एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात जायचं तर एक चिठ्ठी लागे, तिला तुंडू म्हणत. तीत मजुराच्या अंगावर किती कर्ज आहे ते लिहिलेलं असे. ते कर्ज नवा मालक भरेल तर मजूर हलणार, नाहीतर नाही. म्हणजे माणसाची किंमत त्याच्या कामावर ठरत नव्हती, कर्जावर ठरत होती. ही चिठ्ठी १९२१ मध्ये कायद्याने बंद झाली, कंगाणी राहिलाच. १९३९ मध्ये हिंदुस्थान सरकारने अकुशल मजुरांना सिलोनला जायला बंदी केली. बापूजी तिथून परतले आणि १९४८ मध्ये सिलोनने नागरिकत्वाचा असा कायदा केला की चहामळ्यावर जन्मलेली लाखो माणसं कोणत्याच देशाची राहिली नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या पानं खुडली, पण जन्माचा कागद दाखवता आला नाही.

कंगाणीची ही हकिकत दारव्ह्यातल्या माणसाला परकी वाटणार नाही. पुसद, दिग्रस, महागावकडचे तांडे दिवाळी झाली की ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात. मुकादम पावसाळ्यातच येऊन उचल देऊन जातो. नवराबायको मिळून एक कोयता, आणि कोयत्यावर उचल. हंगामात ती फिटली तर ठीक, नाही फिटली तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जायचं. लेकराचं लग्न, दवाखाना, बियाणं हे सगळं त्या उचलीतून निघतं, म्हणून तिला कोणी नाही म्हणत नाही. पण एकदा उचल घेतली की पुढचा भाव करायची सोय राहत नाही.

आखाती देशांची वाट १९७३ नंतर उघडली. तेलाचे भाव चढले, तिथे रस्ते, बंदरं, इमारती सुरू झाल्या आणि मुंबईत भरतीची दुकानं निघाली. १९८३ मध्ये नवा उत्प्रवास कायदा आला. परदेशी मजूर धाडणाऱ्या एजंटाला नोंदणी लागू झाली आणि मजुराच्या हितासाठी सरकारी संरक्षक अधिकारी नेमले गेले. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ठरावीक देशांत नोकरीला जाण्यासाठी तपासणीची अट आली. दहावी पास पोराला ती अट नाही. आमच्याकडे याचा उलटाच अर्थ लावतात. “मले काही चेकिंग नाही लागत काका, मी दहावी पास हाओ,” असं पोरगं छाती काढून सांगतं. अट नाही याचा अर्थ त्याचा करार कोणी सरकारी माणूस बघणार नाही. ज्याला अट आहे त्याचा कागद निदान एकदा तरी तपासला जातो.

१९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा ब्रह्मदेशाचा धडा थोडा कामी आला. एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानहून सुमारे १,७०,००० भारतीयांना परत आणलं. या वेळी कोणाला डोंगर तुडवावे लागले नाहीत. पण जमवलेला पगार, बँकेतली शिल्लक आणि सामान अनेकांचं तिकडेच राहिलं.

आता एक कागद जवळून बघू. बोरीकडचा एक पोरगा, ट्रॅक्टर आणि लोडर दोन्ही चालवणारा. इथे एका जिनिंगमध्ये त्याला महिना १३,००० रुपये पडतात. सौदीचा पगार १,२०० रियाल. रियाल २२ रुपयांना धरला तर २६,४००, म्हणजे दुप्पट. घरात आनंदीआनंद. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की जेवण स्वतःचं. त्याला ३०० रियाल धरले, ६,६०० गेले, उरले १९,८००. एजंटाने मागितले १,२०,०००. ते सावकाराकडून शेकडा तीनने काढायचे, म्हणजे महिना ३,६०० व्याज. उरले १६,२००. दारव्ह्यातल्या पगाराहून ३,२०० जास्त. करार दोन वर्षांचा, चोवीस महिन्यांचे ७६,८००. मुद्दल १,२०,०००. दोन वर्षं घाम गाळून पोरगा ४३,२०० रुपयांनी खाली येत होता. इथल्या जेवणाचा खर्च मी धरला नाही. त्याची आई भाकरी तशीही थापतेच.

हाच हिशेब कायद्याप्रमाणे केला तर? नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी घेता येतो, म्हणजे ३५,४००. त्यावर त्याच सावकाराचं व्याज महिना १,०६२. दोन वर्षांनी मुद्दल फेडून पोराच्या हातात इथल्या पगाराच्या वर लाखभर रुपये उरतात. पगार तोच, देश तोच, रियाल तोच. फरक फक्त उचलीचा. मी त्याला हे मागच्या कोऱ्या पानावर मांडून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, “मंग एजंट बदलतो काका, जाणं नाही बदलत.” मला ते उत्तर आवडलं. त्याच्या दोन बहिणींची लग्नं व्हायची होती, पाच एकर कोरडवाहू होती आणि कापसाचा भाव काय असेल ते त्यालाच नव्हे, बाजार समितीलाही सांगता येत नव्हतं.

परदेशी जाऊ नये असं मी कोणाला सांगत नाही. ज्या मुलखात एकेकाळी बाहेरून लोक पोटाला येत, तिथल्या पोरांना आज बाहेर जावंसं वाटतं यात त्यांचा दोष नाही. आता तर सरकारच वाटा उघडू पाहतं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्यात १०,००० जणांची भाषा होती. परिचारिका, वीजतंत्री, चालक असे व्यवसाय त्यात होते आणि जर्मन शिकवण्याची सोय सरकार करणार होतं. ही वाट आखातापेक्षा लांबची. भाषा शिकायलाच कित्येक महिने जातात, तेवढे दिवस घर चालवायला पैसा लागतो. पण तिथे उचल सावकाराची नसेल आणि पासपोर्ट स्वतःच्या खिशात असेल, तर माझ्या हिशेबाने ती लांबची वाटच स्वस्त पडते.

मॉरिशसचा दुप्पट कपातीचा करार, सिलोनचं तुंडू, ऊसतोडीची उचल आणि आखाताचा कागद हे सगळं समोर ठेवलं की एक गोष्ट उघड होते. पगार दर वेळी खरा होता. फसवणूक झाली ती कपातीत, उचलीत आणि परतीत. म्हणून कागद हातात घेतल्यावर आधी बघावं की जाण्याचा पैसा कोणाचा आहे आणि काम सुटलं, मालक बुडाला, लढाई पेटली तर परतीचं भाडं कोण देणार. त्यानंतर पगाराचा आकडा वाचावा.

आणि एक मागणी, जी मी कोणाच्या तरी नावाने रोज टंकतो तशी आज स्वतःच्या नावाने करतो. आमच्या तहसिलीत सातबाऱ्याला खिडकी आहे, रेशनकार्डाला आहे, दाखल्यांना आहे. पासपोर्टचं प्रादेशिक कार्यालय नागपूरला, उत्प्रवासाचा संरक्षक अधिकारी मुंबईला. एजंटाचा नोंदणी क्रमांक खरा की खोटा हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येतं, पण लोहीच्या पोराला ते कोण सांगणार? आठवड्यातून एक दिवस, एक कारकून, एक संगणक, आणि परदेशी नोकरीचा कागद फुकट तपासून मिळेल अशी पाटी. गोखले कलकत्त्याच्या कायदेमंडळात आणि बापूजी कोलंबोत ज्यासाठी झटले, त्याचा एवढा तुकडा तरी दारव्ह्याच्या तहसिलीत यायला हवा. माझं गिऱ्हाईक तुटेल. तुटू दे.