परळ ते ब्रिस्टल : न जुळणाऱ्या रक्ताचा भारतीय इतिहास

१९५२ साली ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा लेख प्रसिद्ध झाला. त्यावर मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांची नावे होती. उरलेली चार नावे, रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स, लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील रक्तगटतज्ज्ञांची. मुंबईत काही माणसे अशी आढळली होती की ज्यांचे रक्त नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ गटाचे वाटे, परंतु ‘ओ’ गटाच्या दात्याचे रक्तही त्यांना चालत नसे. या रक्तगटाला पुढे ‘बॉम्बे’ हेच नाव पडले. शहराचे नाव बदलले, रक्तगटाचे मात्र बदलले नाही.

‘ए’ आणि ‘बी’ हे प्रतिजन तांबड्या पेशींवर थेट उभे राहत नाहीत. त्यांच्याखाली ‘एच’ नावाच्या प्रतिजनाचा पाया लागतो. ‘ओ’ गटाच्या माणसात हा पाया उघडा असतो. बॉम्बे गटाच्या माणसात तो मुळातच नसतो. त्यामुळे त्याच्या रक्तद्रवात ‘एच’विरुद्ध प्रतिपिंडे तयार असतात आणि ‘ओ’ गटाच्या पेशी शरीरात शिरताच ती त्यांचा नाश करतात. केवळ पेशी तपासून ‘ओ’ अशी चिठ्ठी लावणारी रक्तपेढी अशा रुग्णाला अभावितपणे मृत्यूच्या दारात नेऊ शकते. आजही नेऊ शकते.

हे सारे रक्तद्रव आणि पेशी एकत्र करून, गुठळ्या होतात का हे पाहत समजले होते. त्यामागचे कारण जनुकांत सापडायला चार दशके जावी लागली. १९९० मध्ये ‘एबीओ’ गटाचे जनुक आणि ‘एच’ घडवणारे ‘एफयूटी१’ हे जनुक, दोन्हींची ओळख पटली. १९९७ मध्ये कोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय बॉम्बे रक्तगटाचे गूढ उलगडले : ‘एफयूटी१’मध्ये एका अक्षराचा बदल, आणि शेजारचे ‘एफयूटी२’ हे जनुक तर पूर्णपणे गहाळ. पाया घालणारा गवंडीच कामाला नव्हता, असे म्हणता येईल.

रक्तगट जनुकावरून वाचण्याची ही विद्या केवळ दुर्मीळ माणसांपुरती राहिली असती, तर तिचा इतिहास इथेच थांबला असता. तिची खरी निकड थॅलेसेमियाच्या रुग्णांनी निर्माण केली. भारतात दरवर्षी सुमारे १०,००० बालके तीव्र थॅलेसेमिया घेऊन जन्मतात, असा अंदाज आहे. त्यांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, तेही जन्मभर. ‘एबीओ’ आणि ‘आरएच-डी’ जुळवले म्हणजे रक्त जुळले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात रक्तगटांच्या ४५हून अधिक प्रणाली ज्ञात आहेत. केल, डफी, किड या प्रणालींतला एखादा परका प्रतिजन वारंवार भेटत राहिला की काही रुग्णांचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. मग जुळणाऱ्या पिशवीचा शोध दर खेपेस अधिक बिकट होत जातो.

येथे जुनी तपासणी हतबल होते. कालपरवाच रक्त घेतलेल्या मुलाच्या नसांत त्याच्या स्वतःच्या आणि अनेक दात्यांच्या तांबड्या पेशी मिसळलेल्या असतात. तपासायचे कोणाला? जनुकीय चाचणी हा गुंता सोडवते, कारण तांबड्या पेशींत डीएनए नसतो आणि पांढऱ्या पेशींतला डीएनए जवळजवळ सर्वस्वी रुग्णाचाच असतो. दात्याच्या उरल्यासुरल्या पांढऱ्या पेशी फार काळ टिकत नाहीत. अपवाद अस्थिमज्जारोपण झालेल्याचा. त्याच्या रक्तातला डीएनए मज्जा देणाऱ्याचा असतो.

ही चाचणी परदेशातून विकत आणता येते. अडचण अशी, की ती शोधते तेच, जे शोधायला तिला शिकवलेले असते. युरोपात ‘डी’ प्रतिजन क्षीण असलेल्या बहुसंख्य व्यक्तींमध्ये ठरावीक तीन प्रकार आढळतात, आणि तेथील चाचण्या त्याच बेताने रचल्या गेल्या. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेने फ्रेंच संशोधकांसह भारतीय नमुने तपासले, तेव्हा चित्र निराळे निघाले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वाधिक आढळला तो आधी कोठेही न नोंदलेला प्रकार : ‘आरएचडी’ जनुकाच्या तिसऱ्या खंडाची दुबार प्रत. युरोपीय यादी घेऊन बसलेल्या चाचणीला तो दिसणे शक्य नव्हते.

खरे तर हा इशारा त्याच संस्थेच्या जुन्या दप्तरात होता. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील ही संस्था १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली आणि डॉ. भाटिया यांनी तिची जडणघडण केली. १९७३ मध्ये बडाकेरे, जोशी, भाटिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा प्रतिजन नोंदवला. युरोपीयांत तो जवळपास अनुपस्थित, भारतीयांत शंभरातील तीन-चार जणांत. आज त्या प्रणालीचे अधिकृत नावच ‘इंडियन’ आहे. युरोपीय दात्यांच्या पेशींवर बेतलेल्या आयात संचात हा प्रतिजन नसेल, तर त्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडणार कशी, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे. त्याचे उत्तर इतक्या उशिरा शोधले जावे, याची खंत वाटल्याखेरीज राहत नाही.

या संस्थेने आता इतर रुग्णालयांच्या साहाय्याने सुमारे ४,००० दात्यांचे प्रतिजन तपासून दुर्मीळ दात्यांची राष्ट्रीय नोंदवही उभी केली आहे. आरंभ मोलाचा आहे, पण देशाच्या मानाने तो फार लहान. बहुतेक रक्तपेढ्यांत आजही ‘एबीओ’ आणि ‘आरएच-डी’पलीकडे नित्य तपासणी होत नाही. त्यातच जनुक असूनही प्रतिजन प्रकट न होण्याची उदाहरणे आहेत. तेव्हा परीक्षानळीतली जुनी तपासणी मोडीत काढता येणार नाही.

२०२५ च्या जूनमध्ये मिलान येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत आणखी एक भारतीय रक्तगट जाहीर झाला. कोलार परिसरातील एका स्त्रीवर हृदयशस्त्रक्रिया व्हायची होती आणि तिला कोणाचेच रक्त जुळेना. बंगळूरुच्या रक्तपेढीने २० नातेवाइकांचे नमुने तपासले. एकही जुळला नाही. डॉक्टरांनी अखेर बाहेरचे रक्त न देताच शस्त्रक्रिया पार पाडली. नमुने इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या संदर्भ प्रयोगशाळेत गेले आणि सुमारे दहा महिन्यांच्या अभ्यासानंतर क्रोमर प्रणालीतील नव्या प्रतिजनाचे निदान झाले. त्याचे नाव ‘क्रिब’ : क्रोमर, इंडिया, बंगळूरु. १९५२ मध्ये मुंबईच्या संशोधकांनी लंडनच्या तज्ज्ञांची साथ घेतली होती. ७३ वर्षांनी उत्तर ब्रिस्टलहून आले.