ट्रामच्या कारखान्यात महाभारत

ग्लासगोच्या दक्षिण भागात, अल्बर्ट ड्राइव्हवर, १८९३ साली बांधलेला ट्रामचा कारखाना आहे. १९६२मध्ये शहरातली शेवटची ट्राम बंद झाली आणि १९६४पासून तिथे वाहतूक संग्रहालय भरलं. तेही केल्विन हॉलमध्ये हललं, तेव्हा रिकामी वास्तू पाडून टाकण्याची भाषा सुरू झाली. ती वाचली एका नाटकामुळे. दिग्दर्शक पीटर ब्रूक यांचं नऊ तासांचं ‘महाभारत’ १९८५मध्ये फ्रान्समधल्या आविन्योंजवळच्या दगडाच्या खाणीत पहिल्यांदा झालं होतं. त्याला पायाखाली माती, रंगमंचावर पाणी आणि खराखुरा अग्नी हवा होता. मखमली खुर्च्यांच्या, विंगा-पडद्यांच्या नाट्यगृहात ते मावणारं नव्हतं. १९८८च्या वसंतात ते या कारखान्यात उभं राहिलं, तेही एका प्रयोगमालिकेपुरतं.

पडक्या कारखान्याला वाचवायचं तर त्यात आधी माणसं बसवावीत, कायमच्या योजना मागून कराव्यात. रिकाम्या वास्तूची किंमत फक्त तिच्याखालच्या जमिनीवरून ठरते. त्या हिशेबात उंच छत, लोखंडी खांब, भरपूर मोकळी जागा यांना शून्य भाव. नाटक झालं की तेच गुण शहराला डोळ्यांनी दिसतात. ग्लासगोत तसंच घडलं. १९९०मध्ये शहर युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं, तोवर या जागेचं ‘ट्रामवे’ हे नाव रूढ झालं होतं. २००९मध्ये स्कॉटिश बॅले ही नृत्यसंस्था तिथे राहायला आली, २०१५चं टर्नर कला पारितोषिक तिथेच दिलं गेलं. तिथल्या जमिनीत ट्रामचे रूळ अजून आहेत.

यावर एक आक्षेप असा की सांस्कृतिक राजधानीचा मान मिळाला म्हणून हे जमलं. मानाचा वाटा आहेच. पण त्याच वर्षासाठी ग्लासगोने नवं कोरं संगीत सभागृहही बांधलं. म्हणजे पैसा जुन्या वास्तूकडे आपोआप वळत नाही, वास्तूने आधी स्वतःला सिद्ध करावं लागतं. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: नाटक हे बिल्डरच्या आधी येणारं पाऊल असतं, कलावंत वस्तीला नाव मिळवून देतात आणि मग कामगारांना तिथे राहणं परवडेनासं होतं. हे अनेक शहरांत खरं ठरलं आहे. ‘ट्रामवे’ टिकलं, कारण मालकी नगरपालिकेकडे राहिली. तात्पुरत्या नाट्यगृहाला सार्वजनिक मालकीची जोड नसेल, तर हा आक्षेप मला मान्य आहे.

मुंबईत ही जोडच तुटली. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर कापड गिरण्या एकेक करून थंडावल्या. १९९१च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होऊन एक मोकळ्या जागेसाठी, एक घरांसाठी जायचा होता. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. म्हणजे उभ्या शेडखालची जमीन वाटणीतून सुटली आणि शेड पाडणं हाच फायद्याचा व्यवहार ठरला. लालबाग-परळच्या चाळींनी, कामगारांच्या कलापथकांनी ज्या रंगभूमीला नट आणि प्रेक्षक पुरवले, तिच्या शेजारीच इतकी प्रचंड छपरं रिकामी होती, आणि एकही शेड नाटकासाठी राखण्याचा विचार धोरणात आला नाही, याचं दुःख वाटतं.

जुन्या वास्तूत गर्दी जमवणं धोक्याचं, असंही म्हणतील. २९ डिसेंबर २०१७च्या कमला मिल आवारातल्या आगीत १४ जणांचा जीव गेला, त्यामुळे हे म्हणणं झटकून टाकता येत नाही. पण ती आग गच्चीवरच्या हॉटेलांत लागली होती. बाहेर पडायचे रुंद रस्ते, पाण्याची सोय, मोजून दिलेली प्रेक्षकसंख्या आणि प्रयोगाआधी अग्निशमन दलाची तपासणी, एवढं तळमजल्यावरच्या मोकळ्या शेडमध्ये करणं अवघड नाही. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम हाती घेतलं. तिथली एखादी शेड एका हंगामासाठी कामगार नाट्यसंस्थांना नाममात्र भाड्याने द्यायला संग्रहालय पूर्ण होण्याची वाट पाहायची गरज नाही.