क्रीम पफ आणि खिरीचा सण

आपल्याकडच्या बेकरीत 'पफ' मागितला तर बहुधा बटाट्याची भाजी भरलेली खारी हाती पडते. युरोपातला क्रीम पफ निराळा. पाणी, लोणी आणि मैदा शिजवून त्यात अंडी घोटली की जो गोळा होतो, तो भट्टीत स्वतःच्याच वाफेने फुगतो आणि आतून पोकळ राहतो. त्या पोकळीत फेटलेली साय किंवा कस्टर्ड भरतात. कातरीना दे मेदिचीच्या आचाऱ्याने हे पीठ सोळाव्या शतकात फ्रान्सला नेले, अशी एक कथा नेहमी सांगितली जाते. तिला समकालीन पुरावा नाही. आपल्याकडे या पदार्थाचा दूरचा भाऊबंद असलेला क्रीम रोलच अधिक रुळला.

रायगडच्या किनाऱ्यावर मात्र एक मराठी भाषक समाज असा आहे, की ज्याच्यासाठी असला पदार्थ केव्हा खावा हा नुसत्या चवीचा प्रश्न नाही. हा समाज बेने इस्रायलांचा. परंपरेनुसार त्यांचे पूर्वज नवगावपाशी गलबत फुटून किनाऱ्याला लागले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. रोहेकर, पेणकर, नवगावकर ही आडनावे किनाऱ्याचा नकाशाच सांगतात. यहुदी आहारनियमांप्रमाणे मांस आणि दूध एका जेवणात येत नाहीत. लोणी आणि साय, दोन्ही दुधाचीच. तेव्हा मटणाच्या जेवणानंतर क्रीम पफ घरीही वर्ज्य आणि हॉटेलातही वर्ज्य.

घरापुरता हा प्रश्न नारळाने सोडवला. नव्या वर्षाला होणारा चिकाचा हलवा गव्हाचा चीक, नारळाचे दूध आणि साखर यांचा. याचे श्रेय अनेकदा धर्मनियमाला दिले जाते. मला ते अर्धेच पटते. नारळाचे दूध कोळ्यांच्या कालवणात आहे, ब्राह्मणांच्या शिरवाळ्यांबरोबर आहे; त्यांना कोणत्या नियमाची सक्ती होती? वाडीत नारळ होता, म्हणून रस काढला गेला. पुढे नियमाला तो सोयीचा ठरला आणि सोयीचे हळूहळू धर्माचे झाले, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 मध्ये लिहून पूर्ण केलेला आणि 1937 मध्ये तेल अवीवला छापला गेलेला या समाजाचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. त्यात सणांची जुनी मराठी नावे येतात: नव्याचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा सण. आणि खिरीचा सण. तिश्री महिन्याच्या चतुर्थीला नव्या तांदळाची, नारळाच्या दुधातली खीर करायची. बाकीच्या सणांना हिब्रू प्रतिरूपे होती, त्यामुळे धर्मशिक्षण वाढले तसे नाव बदलून ते टिकले. खिरीच्या सणाला मात्र हिब्रू पंचांगात जागाच नव्हती.

1948 नंतर या समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. तिथे पदार्थ दुधाचा की 'पार्वे', म्हणजे दूध आणि मांस दोन्हींपासून मुक्त, हे वेष्टनावरच छापलेले असते. मटणानंतर पार्वे क्रीमचा पफ निःशंकपणे खाता येतो. आपल्या बेकऱ्यांतले क्रीमही आज पुष्कळदा वनस्पती-तेलाचेच असते, पण त्यात दुधाचे प्रथिन असू शकते आणि काचेच्या कपाटावर तसे कोणी लिहीत नाही. तिथे ग्राहकाने विचारायचे, नाहीतर सोडून द्यायचे.

एस्थर डेव्हिड यांच्या 'बुक ऑफ रेचल' या इंग्रजी कादंबरीची नायिका किनाऱ्यावरच्या दांड्याला, मुले इस्रायलला गेल्यावर, एकटी सिनेगॉग सांभाळते. प्रकरणांच्या आरंभी पाककृती आहेत. वाचक त्या अनेकदा ओलांडून पुढे जातात. खिरीच्या सणाची गोष्ट लक्षात ठेवून ही पाने वाचली, तर त्यांना नुसती सजावट म्हणणे कठीण जाते.