गार पडणारे हातपाय : चिनी काढ्याआधी रक्ततपासणी

डिसेंबर-जानेवारीत समुद्रापासून आत असलेल्या कल्याण-डोंबिवलीत पहाटेचा पारा मुंबईपेक्षा खाली उतरतो. पहाटेची लोकल आणि दिवसभर वातानुकूलित कार्यालय, यांमुळे हातपाय गार पडणे स्वाभाविक आहे. मात्र काहींचे तळहात-तळपाय उन्हाळ्यातही गारच असतात. अशा तक्रारीवर पारंपरिक चिनी वनौषधींचे चहा आणि गोळ्या आता इंटरनेटवरून मागवता येतात. त्या घेण्यापूर्वी त्यांत काय असते, हे जाणून घेणे हिताचे ठरेल.

अठराशे वर्षांची परंपरा

या तक्रारीवरील प्रसिद्ध चिनी काढा म्हणजे ‘दांग ग्वेई सी नी थांग’. चांग चुंगचिंग या वैद्याने इ. स. २०० च्या सुमारास रचलेल्या ‘शांग हान लुन’ या ग्रंथात तो आढळतो. हातपाय गार आणि नाडी अगदी बारीक असलेल्या रुग्णासाठी तो सांगितला आहे. त्याच्या सात घटकांपैकी तीन आपल्या ओळखीचे आहेत : दालचिनीच्या जातीच्या झाडाच्या कोवळ्या फांद्या, ज्येष्ठमध आणि बोराच्या कुळातील वाळवलेले फळ. ‘सी नी थांग’ या दुसऱ्या काढ्यात सुंठ, ज्येष्ठमध आणि बचनागाच्या कुळातील ‘फू त्झू’ हे मूळ असते. सुंठ आणि दालचिनी आयुर्वेदानेही उष्णच मानली आहेत. मोठ्या चाचण्यांतून मात्र या काढ्यांच्या गुणाचा भक्कम पुरावा अद्याप पुढे आलेला नाही.

धोका कोठे आहे?

पहिल्या काढ्यातील ‘मू थुंग’ या वेलीच्या नावाखाली अनेक वर्षे अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असलेली दुसरी वनस्पती विकली जात होती. हे आम्ल मूत्रपिंडे निकामी करते आणि कर्करोगालाही कारणीभूत ठरते. बेल्जियममध्ये वजन घटविण्यासाठी घेतलेल्या चिनी वनौषधींत अशीच अदलाबदल झाली आणि अनेक महिलांची मूत्रपिंडे निकामी झाली. हा प्रकार १९९३ मध्ये वैद्यकीय जगासमोर आला. ‘शी शिन’ या घटकातही हे आम्ल असू शकते.

बचनागाच्या विषाने हृदयाचे ठोके अनियमित होऊन मृत्यू ओढवू शकतो. म्हणूनच आयुर्वेदात तो शुद्धीकरणानंतरच वापरतात, आणि भारतीय नियमांनुसार अशा औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ ही सूचना बंधनकारक आहे. ‘दांग ग्वेई’ वारफॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम वाढवते, तर ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो.

‘आयुष’ मंत्रालयाच्या कक्षेतील उपचारपद्धतींत चिनी वनौषधींचा समावेश नाही. महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५ मध्ये कायदा केला खरा, पण तो सुयांच्या उपचारांपुरता आहे.

मूळ कारण शोधा

गार हातपाय हा आजार नसून बहुधा दुसऱ्या विकाराचे लक्षण असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय होता. रक्तक्षय आणि थायरॉइडची कमतरता, ही दोन्ही कारणे साध्या रक्ततपासणीत कळतात. ठाणे महापालिकेचे कळव्यातील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही सार्वजनिक रुग्णालये त्यासाठी जवळची आहेत.

थंडीत बोटे आधी पांढरी, मग निळी पडत असतील, तर तो रेनॉ विकार असू शकतो. मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये त्याचे वर्णन केले. विडी, सिगारेट वा तंबाखूचे व्यसन असलेल्या तरुणांत बर्गर रोगाने हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद होतात. व्यसन न सोडल्यास बोटे, प्रसंगी पायही गमवावा लागतो.

घरी काय करावे?

जेवणातील सुंठ, आले, दालचिनी सहसा अपायकारक नसते. मोजे घालावेत, नियमित चालावे. मधुमेहींनी पाय गरम पाण्यात बुडवू नयेत. संवेदना कमी झाल्याने भाजलेलेही कळत नाही. एकच पाय गार पडणे, बोट काळे पडणे किंवा जखम न भरणे, यांपैकी काहीही दिसल्यास काढ्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.