ताकदीच्या पुड्या, गोळ्या आणि निरोध : घेण्याआधी पाकीट वाचा, लाजेपायी फसू नका

आठवडी बाजारात तंबू ठोकून बसलेला जडीबुटीवाला आपण लहानपणापासून बघत आलोय. आता तोच तंबू मोबाईलमध्ये शिरलाय. रील बघता बघता मध्येच जाहिरात येते, "सात दिवसांत फरक, पार्सल घरपोच, कुणाला कळणार नाही." हे शेवटचं वाक्यच खरा माल विकतं. कारण या विषयात आपल्याला आजारापेक्षा लोकांची भीती जास्त असते.

माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं कापसाच्या पट्टीतले साडेचार हजार रुपये अशाच पुड्यांवर घातले. फरक काही पडला नाही. बायकोला सांगेना, डॉक्टरकडे जाईना. पुढं पायाची जखम भरेना म्हणून ग्रामीण रुग्णालयात गेला, तर रक्तातली साखर तीनशेच्या वर. डॉक्टर म्हणाले, तुमची ती अडचणही साखरेमुळेच असू शकते, तेव्हाच आला असता तर साखर तेव्हाच कळली असती. पैसे गेले ते गेलेच, पण आजार मधल्या काळात आत वाढत राहिला.

म्हणून नवरा-बायकोच्या संबंधांशी निगडित वस्तू आणि औषधं कशी निवडावी, याची साधी माहिती इथं देत आहोत. कापून ठेवा किंवा फोनमध्ये सेव्ह करा.

ताकदीच्या पुड्या आणि गोळ्या

ताठरता न येणं हा अनेकदा दुसऱ्या आजाराचा पहिला इशारा असतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, तंबाखू, दारू आणि मनावरचा ताण ही त्याची नेहमीची कारणं. त्यामुळे आधी साखर आणि बीपी तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते.

यावर खरी औषधं आहेत. सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल ही त्यांची नावं. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची असतात. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी ज्यांना चालू आहे, त्यांनी ही औषधं घेतली तर बीपी एकदम खाली जाऊन जीवावर बेतू शकतं. आणि 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या पुड्यांमध्ये हेच औषध गुपचूप मिसळलेलं तपासणीत वेळोवेळी सापडलं आहे. घेणाऱ्याला वाटतं पाला खातोय, आणि पोटात जाते गोळी. गोळी घेतल्यावर ताठरता चार तासांपेक्षा जास्त राहिली तर वाट न बघता दवाखाना गाठा.

झोपेत वीर्य जाणं हा आजार नाही, त्यानं कमजोरी येत नाही. तरुण पोरांना याच भीतीवर लुटलं जातं. लैंगिक ताकद वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्यानं बंदी आहे. म्हणजे भिंतीवर, एसटी स्टँडवर किंवा फोनवर अशी जाहिरात दिसली की ती करणारा कायदा मोडतोय, एवढं लक्षात ठेवा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते.

निरोध (कंडोम)

गर्भ आणि गुप्तरोग, दोन्हींपासून संरक्षण देणारं हे एकच साधन. सरकारी निरोध १९६८ पासून देशात मिळतो. उपकेंद्रात, आरोग्य केंद्रात तो फुकट असतो, आशाताईंकडेही मिळतो. मेडिकलमधून घेतला तरी चालतो. फक्त एवढं बघा :

- पाकिटावर बनवल्याची तारीख, मुदत, बॅच नंबर आणि लायसन्स नंबर हवा.
- पाकीट दाबल्यावर आत हवा जाणवली पाहिजे. नाही जाणवली तर टाकून द्या.
- खिशातल्या पाकिटात, मोटारसायकलच्या डिक्कीत किंवा पत्र्याखाली ठेवू नका. उन्हानं रबर खराब होतं.
- दातानं किंवा कात्रीनं फोडू नका.
- खोबरेल, व्हॅसलीन किंवा कुठलंही तेल लावू नका. तेलानं रबर फाटतं.
- दोन निरोध एकावर एक घालू नका. घासून फाटतात. एकदा वापरला की फेकायचा, पण संडासात नाही, कागदात गुंडाळून कचऱ्यात.

कोरडेपणामुळे त्रास होत असेल, विशेषतः पाळी गेल्यावर बायकांना होतो, तर मेडिकलमध्ये पाण्यावर आधारित जेल मिळतं. तेलाऐवजी ते वापरा. दुखणं तरी थांबलं नाही तर सहन करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

पाळणा लांबवायचा असेल तर

सरकारी दवाखान्यात ही साधनं मोफत आहेत :

- माला-एन : रोज एक गोळी. बाळ सहा महिन्यांच्या आत असून अंगावर पीत असेल तर चालत नाही. बीपी असेल तर आधी विचारा.
- छाया : पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते.
- अंतरा : दर तीन महिन्यांनी इंजेक्शन. पाळी पुढं-मागं होऊ शकते.
- तांबी : पाच वर्षांची आणि दहा वर्षांची. नको वाटली की काढता येते.
- पुरुष नसबंदी : बिनटाक्याची, थोड्या वेळात होते. ताकद कमी होत नाही, शेतातली कामंही पुढं करता येतात. मात्र पहिले तीन महिने निरोध वापरावा लागतो आणि मग वीर्य तपासून खात्री करायची.

निरोध फाटला किंवा वापरला नाही, तर ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी मिळते. जितकी लवकर तितकी चांगली. ती दर वेळेस घ्यायची गोळी नाही, आणि राहिलेला गर्भ तिनं पडत नाही.

गर्भ पाडायच्या गोळ्या वेगळ्या. त्या मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नका. गर्भ नळीत असेल तर आत रक्तस्राव होऊन बाई दगावू शकते, आणि ते सोनोग्राफीशिवाय कळत नाही. गर्भपात मान्यताप्राप्त केंद्रात कायदेशीर आहे. १८ वर्षांवरील बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची सही लागत नाही.

खाज, पांढरं जाणं, फोड

जांघेत खाज सुटली की आपण मेडिकलमधून ट्यूब आणतो. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग नायटा पसरतो आणि हट्टी होतो. बायकांनी आतून साबणानं किंवा 'वॉश'नं धुऊ नये. ती जागा आपली आपण स्वच्छ राहते. पांढरं जाणं थोडंफार नैसर्गिक आहे. पण वास, खाज, रंगात बदल किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर दाखवाच.

लघवीला जळजळ, पू, फोड किंवा जखम असेल तर जिल्हा रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक आहे. उपचार दोघांनीही घ्यायचा. एकट्यानं घेतला तर आजार परत येतो. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते आणि २०१७ च्या कायद्यानं तुमचा रिपोर्ट गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे, नाव सांगावं लागत नाही.

ऑनलाइन मागवताना

बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, लायसन्स नंबर आणि मुदत नसेल तर मागवू नका. "आमचे डॉक्टर फोन करतील" म्हणणाऱ्यांना नंबर देऊ नका. पुढं तेच "गावात सांगू" म्हणून पैसे मागतात. फोटो तर कुणालाच पाठवू नका. कुणी धमकावलं तर पैसे न देता १९३० वर फोन करा.

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून हेच विषय मराठीत उघडपणे लिहिले. शंभर वर्षं होत आली, तरी आपण मेडिकलवर गर्दी ओसरायची वाट बघत उभे राहतो. बैलाला काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर बोलावतो. स्वतःच्या आणि बायकोच्या बाबतीतही तेवढी घाई करायला हरकत नाही.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.)