हळदीच्या भट्टीचे तोंड

डोंगरकडा (ता. कळमनुरी; १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात) हा हळदीचा मुलूख. काढणीनंतर हळद कढईत शिजवत, खाली लाकडाचा जाळ. आता वाफेचे कुकर आले आहेत. साध्या भट्टीला वेगळी झडप नसते, तोंड हीच हवेची वाट. आधण येईपर्यंत ते मोकळे हवे. मग पत्रा आडवा सारला की जाळ मंदावतो. हा क्रम फार महत्त्वाचा. लाकूड नीट पेटण्याआधी हवा तोडली तर ते नुसते धुमसते, उष्णता वाया जाते, धुरासोबत कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायूही वाढतो. बंद खोलीतल्या चुलीवर वाचकांनी हा प्रयोग करू नये.