जकातीचा हिशेब कोणाला द्यायचा?

रमजानमध्ये जकात दिली, पावती खिशात टाकली की आपण मोकळे होतो. पुढे विचारणे म्हणजे अविश्वास, असे आपल्याला वाटते. पण इब्ने लुतबिय्या जकात गोळा करून परतले आणि म्हणाले, हे तुमचे, हे मला भेट मिळाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले होते की, घरी बसून राहिला असता तर ही भेट आली असती का? हिशेब मागण्याची रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे.

आपल्या नगर जिल्ह्यात देणगीदारांनी हा हिशेब दोन तऱ्हांनी घेतलेला दिसतो.

पहिली तऱ्हा 1899-1900 च्या दुष्काळातली. लंडनच्या लॉर्ड मेयरने जमवलेला पैसा कलकत्त्याच्या मध्यवर्ती समितीकडे येई. तिथून प्रांताच्या आणि जिल्ह्याच्या समित्यांकडे. खर्चाच्या बाबी ठरलेल्या होत्या: सरकारी मदतीला कपड्यालत्त्याची जोड, अनाथ मुले, हात पसरायला लाजणारी अब्रूदार गरीब घरे आणि शेतकऱ्याला पुन्हा उभे करणे. अमेरिकन देणगीदारांची भिस्त मिशनऱ्यांवर होती. नगरचे रॉबर्ट ह्यूम यांना दुष्काळातल्या कामाबद्दल कैसर-ए-हिंद पदक मिळाले. व्यवस्था चोख होती, पण अहवाल इंग्रजीत लिहून वर जात. बैल किंवा बियाणे मिळालेल्या शेतकऱ्यासाठी ते लिहिलेले नसत.

दुसरी तऱ्हा 1990 च्या दशकातली. फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. पैसा जर्मन सरकारचा, देखरेख नाबार्डची. इथे संस्थेबरोबर गावाचीही परीक्षा होती: श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. आधी थोड्या क्षेत्रावर काम करून दाखवायचे, मगच मोठा निधी. ग्रामसभेने निवडलेली पाणलोट समिती आणि संस्था यांचे बँक खाते संयुक्त असे. त्यामुळे हिशेब वर जाई, तसा गावालाही विचारता येई.

आपल्या जकात कमिट्यांनी ही दुसरी तऱ्हा उचलावी. कुरआनच्या सूरह तौबामध्ये जकात गोळा करणाऱ्यांचाही वाटा सांगितला आहे, तेव्हा व्यवस्थेचा खर्च लपवण्याचे कारण नाही. ईदनंतरच्या जुम्याला उर्दूत आणि मराठीत वाचून दाखवावे: किती आले, किती घरांना गेले, वसुलीवर किती खर्च झाला. घेणाऱ्यांची नावे मात्र वाचू नयेत. आकडा ऐकणाऱ्यांत तेही बसलेले असतील, आणि आपल्यापर्यंत किती पोचले हे त्यांना ठाऊक असेल.